४०३ चा घोळ आणि माझे बारा दिवस

लारावेलमध्ये (पीएचपीत सॉफ्टवेअर लिहायचं फ्रेमवर्क) ज्याला अचानक सगळीकडे ४०३, म्हणजे परवानगी नाही असा एरर, यायला लागलाय त्याच्यासाठी हे लिहितोय. मी अडकलो तेव्हा उत्तरं तुकड्या-तुकड्यात सापडत होती, सलग असं काही मिळेना, आणि डोकं इतकं तापलेलं की सापडलेलं पण वाचवत नव्हतं. मी काही मोठा डेव्हलपर वगैरे नाही. नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच काम करतो, चार-पाच क्लायंट आहेत, त्यातलं एक पिंपळगाव बसवंतकडचं द्राक्षाचं पॅकहाउस. हा सगळा राडा त्यांच्या सॉफ्टवेअरचा.

सॉफ्टवेअर साधंच आहे. बागेतून माल आला की सुपरवायझर आवक टाकतो, म्हणजे प्लॉट कुठला, क्रेट किती, वजन किती, ब्रिक्स (द्राक्षाची गोडी) किती. युरोपला जाणाऱ्या मालाची अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यातीची संस्था) ग्रेपनेटवर नोंद होते ते वेगळं, हे आपलं आतल्या कामापुरतं. सुपरवायझरने फक्त आपल्या गावांचे प्लॉट बघायचे, आपणच टाकलेली आवक दुरुस्त करायची, आणि शेतकऱ्याला दिलेला दर फक्त मालकांना आणि अकाउंटंटला दिसणार. मालकांना सगळे नाना म्हणतात, मी पण.

२०२२ च्या दिवाळीत मी हे लारावेल ९ मध्ये लिहिलं आणि पॅकहाउसच्या ऑफिसात एका विंडोजच्या पीसीवर झॅम्प (पीसीलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) टाकून चालू केलं. दोन सीझन मस्त चाललं. २०२५ च्या जानेवारीत त्या पीसीची हार्डडिस्क करकर करायला लागली आणि नाना म्हणाले आता ऑनलाइनच टाक, पोरांना बागेत मोबाइलवरूनच एन्ट्री करता येईल. ऐन सीझनमध्ये असलं काही करू नये हे मला कळत होतं पण हार्डडिस्क थांबणार नव्हती. वर्षाला ३,२०० रुपयांचं शेअर्ड होस्टिंग घेतलं, शनिवारी ८ फेब्रुवारी २०२५ ला रात्री सगळं झिप करून चढवलं, डेटाबेस टाकला, माझ्या अ‍ॅडमिनच्या लॉगिनने प्रत्येक पान उघडून बघितलं, सगळं झकास. दीड वाजता झोपलो. रविवारी ऑफिसातल्या लोकांनी पण वापरलं, काही तक्रार नाही. ते पण अ‍ॅडमिनच. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

सोमवारी सव्वासातला पहिला फोन. सर, प्लॉटची लिस्टच उघडत नाही, चारशे तीन म्हणतंय. आठ वाजेपर्यंत असे सहा फोन. मी नानांना फोन केला तर ते म्हणाले, "मला तर सगळं दिसतंय रे, पोरांच्या मोबाइलला नेट नसंल." आणि मला पण ते पटलं! मी सगळ्यांना सांगितलं कॅश क्लीअर करा, लॉगआउट करून परत या. त्यात एकाला ४१९ आला, ते वेगळंच प्रकरण, जुनं पान रात्रभर उघडं ठेवलं की फॉर्मचं टोकन शिळं होतं, रिफ्रेश केलं की जातं. (४१९ हा लारावेलचा स्वतःचा नंबर आहे, एचटीटीपीच्या अधिकृत यादीत शोधू नका.)

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण माझा अख्खा सोमवार त्यात गेला. ४०१ म्हणजे तू कोण आहेस तेच कळलेलं नाही, आधी लॉगिन कर. ४०३ म्हणजे कोण आहेस ते कळलं, पण आत सोडत नाही. वैताग असा की ४०१ चं अधिकृत नाव आहे अनऑथराइज्ड, आणि लारावेल ४०३ च्या पानावर लिहितं धिस अ‍ॅक्शन इज अनऑथराइज्ड. तो शब्द बघून मी दिवसभर लॉगिन, सेशन, कुकी हेच उकरत बसलो, आणि लॉगिनला काहीच झालेलं नव्हतं.

रात्री लॉग फाइल उघडली तर कोरी. एकही एरर नाही. मला वाटलं रिक्वेस्ट लारावेलपर्यंत पोचतच नाहीये, होस्टिंगची फायरवॉल मधेच अडवतीये. त्यांना तिकीट टाकलं, सव्वीस तासांनी उत्तर आलं की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. आणि ते खरंच होतं. लारावेल परवानगी नाकारल्याचं एक्सेप्शन लॉगमध्ये टाकतच नाही, व्हॅलिडेशन फेल होणं, लॉगिन नसणं, हे सगळं रोजचंच धरून रिपोर्ट न करण्याच्या यादीत आहे. म्हणजे लॉग कोरा आहे याचा अर्थ काहीच होत नाही. सर्व्हरचा ४०३ आणि लारावेलचा ४०३ ओळखायचा तर पानाकडे नीट बघा, लारावेलचं पान एकदम साधं, मधोमध ४०३, बाजूला उभी रेघ आणि मग तो मेसेज. सर्व्हरचं पान फॉरबिडन म्हणतं आणि यू डोंट हॅव परमिशन वगैरे सुरू करतं. एवढं माहीत असतं तर सव्वीस तास वाचले असते.

आता मंगळवार. हे लिहायची लाज वाटते पण लिहितो. संध्याकाळी पाच वाजता तीन गाड्या पॅकहाउसला उभ्या, आवक टाकता येत नाही म्हणून पोरं वहीत लिहून घेत होती, नानांचा चौथा फोन. लारावेलमध्ये परवानगी तपासतं ते गेट, आणि बाकी काही तपासायच्या आधी चालतं ते गेट बिफोर. मी सीपॅनलच्या (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) फाइल मॅनेजरमधूनच ते उघडलं आणि लिहिलं रिटर्न ट्रू. म्हणजे कोणी काहीही मागो, हो म्हण. स्वतःला सांगितलं आजच्या संध्याकाळपुरतंच. ५:२० ला केलं, सगळं चालू झालं, पोरं खूष, नाना खूष, मी कॉलेज रोडला जाऊन चहा पिऊन आलो.

पावणेनऊला नानांचा फोन. आवाज वेगळाच. एका शेतकऱ्याने त्यांना विचारलं होतं की शेजारच्या बागेला पंच्याण्णव आणि मला अठ्ठ्याऐंशी का. झालं काय, तर मेन्यूतलं दराचं बटणसुद्धा गेटला विचारूनच दिसतं, आणि गेट आता सगळ्यांनाच हो म्हणत होतं. कुठल्यातरी सुपरवायझरने सहज उघडून बघितलं आणि गावात बोलला. त्याची काय चूक, त्याच्या स्क्रीनवर बटण होतं. नऊ वाजता मी ते काढलं. तीन तास चाळीस मिनिटं. नाना मला ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बघ बाबा आता, मला त्याला उत्तर द्यायचंय." ओरडले असते तर बरं झालं असतं.

आणि काढताना घाईत आणखी एक घोळ. आधी तिथे होतं, युजर अ‍ॅडमिन असेल तर ट्रू रिटर्न कर, बस. मी परत लिहिताना एका ओळीत आटोपलं, रिटर्न युजर इज अ‍ॅडमिन. दिसायला तेच ना? नाही. अ‍ॅडमिन नसेल तेव्हा ते फॉल्स रिटर्न करतं, आणि बिफोरने नल (म्हणजे काहीच उत्तर नाही) सोडून काहीही दिलं की तोच शेवटचा निकाल, पुढे पॉलिसीला (कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा क्लास) कोणी विचारतच नाही. नल दिला तरच गाडी पुढे सरकते. बुधवारी सकाळी शेतकऱ्यांची यादी, जी सोमवारपासून नीट चालत होती, ती पण बंद. दुपारी तीनला सापडलं. तोपर्यंत पुण्याच्या एका मित्राला फोन केलेला, त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "नाही कोण म्हणतंय ते बघितलंस का?" मी म्हटलं अरे सिस्टीम म्हणतीये. तो म्हणाला सिस्टीम म्हणजे कोण.

तर गुरुवारी १३ तारखेला लॅपटॉप घेऊन गाडीवर पिंपळगावला गेलो, पॅकहाउसमध्येच बसलो. एकीकडे बायका क्रेटमधले घड कात्रीने साफ करून पनेटमध्ये (प्लॅस्टिकचे छोटे डबे) भरतायत, थंडगार हवा, आणि कोपऱ्यात मी. आधी काहीही दुरुस्त करायचं नाही असं ठरवलं, नुसतं ऐकायचं. गेट आफ्टर म्हणून एक सोय आहे, प्रत्येक परवानगी तपासून झाली की ते चालतं. त्यात चार गोष्टी लॉगला टाकल्या, युजर कोण, काय करायचं म्हणतोय, कशावर, आणि निकाल काय. दोन गोष्टी सांभाळा. एक, त्या फंक्शनमधून काहीच रिटर्न करू नका, कारण निकाल नल असेल तर आफ्टर जे देईल तेच धरलं जातं. दुसरं, निकाल स्ट्रिंगला जोडून छापू नका. पीएचपीमध्ये फॉल्स आणि नल दोन्ही जोडले की कोरेच दिसतात, अ‍ॅरेमध्ये टाकून लॉगला द्या म्हणजे वेगळे छापले जातात. मी पहिला अर्धा तास कोऱ्या जागेकडेच बघत होतो.

मग एका सुपरवायझरला म्हटलं, दादा, प्लॉट उघडा. लॉगमध्ये ओळ आली आणि निकालाच्या जागी नल. फॉल्स नाही, नल!

हे कळलं तेव्हा खरं कोडं सुटलं. पॉलिसी म्हणजे बागेचा राखणदार समजा. गेट राखणदाराला विचारतं, याला सोडू का? तो नाही म्हणाला तर फॉल्स. पण राखणदारच नसेल तर उत्तरच येत नाही, म्हणजे नल, आणि उत्तर नाही म्हणजे गेट बंदच राहतं. तीन दिवस मी राखणदाराच्या डोक्यात काय चाललंय ते शोधत होतो आणि राखणदार बागेवर आलेलाच नव्हता. अ‍ॅडमिनला बिफोरमध्येच हो मिळायचं, त्याला राखणदाराची गरजच नाही, म्हणून नानांना, ऑफिसला आणि मला सगळं दिसत होतं.

का आला नव्हता? प्लॉट आणि आवक, या दोन्ही पॉलिसींच्या फाइल मी आर्टिसनच्या (लारावेलचं कमांड चालवायचं टूल) कमांडने न बनवता हाताने बनवलेल्या, आणि फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर स्मॉल. आत क्लासचं नाव बरोबर, कॅपिटल. विंडोजला त्याने काही फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. लारावेल मॉडेलच्या (डेटाबेसच्या टेबलासाठीचा क्लास) नावावरून पॉलिसीचं नाव ओळखतं, क्लास शोधतं, नाही सापडला की गप्प बसतं, एरर देत नाही. शेतकरी पॉलिसी कमांडने बनवलेली, म्हणून ती पहिल्यापासून नीट. दोन फाइलची दोन अक्षरं बदलली. लिस्ट उघडली. समोरच्या बायकांपैकी एकीने विचारलं झालं का, मी म्हटलं झालं, तिने मला थॉमसनचा एक घड दिला. (गिटवर, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या टूलवर, असाल तर विंडोजवर नुसतं अक्षर बदलून चालत नाही, त्याला बदल दिसतच नाही. आधी भलत्याच नावाने गिट एमव्ही करा, मग बरोबर नावाने.)

झालं नव्हतं. शुक्रवारी फोन, आवक टाकता येते, दुरुस्त करता येत नाही. पण आता मी घाबरलो नाही, लॉग बघितला, या वेळी फॉल्स. म्हणजे राखणदार आहे आणि तो नाही म्हणतोय, चला प्रगती. पॉलिसीत एकच ओळ होती, युजरचा आयडी ट्रिपल इक्वल आवकेचा युजर आयडी. दोन्ही डंप करून बघितले. एक छापलं इंट ७. दुसरं छापलं स्ट्रिंग, लांबी १, अवतरणात ७. सात आणि "सात". ट्रिपल इक्वल प्रकार पण बघतं, त्यामुळे हे दोघं सारखे नाहीत.

हे झॅम्पवर का चालत होतं, तर डेटाबेसकडून आकडे कसे येतात ते पीएचपीचं कुठलं एक्स्टेंशन लावलंय त्यावर ठरतं. झॅम्पवर मायएसक्यूएल एनडी असतं, ते आकडा आकडा म्हणूनच देतं. माझ्या होस्टिंगवर सीपॅनलच्या पीएचपी एक्स्टेंशनच्या यादीत दोन सारखीच नावं होती, एक पीडीओ मायएसक्यूएल आणि एक तेच पण सुरुवातीला एनडी लावलेलं, आणि टिक पहिल्यावर. ते सगळं स्ट्रिंग करून देत होतं. लारावेल मॉडेलची स्वतःची प्रायमरी की इंटीजर करून घेतं, बाकीच्या कॉलमना हात लावत नाही, म्हणून एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिंग. टिक बदलून पण सुटलं असतं, पण उद्या होस्टिंग बदललं की परत तेच, म्हणून मॉडेलच्या कास्ट्समध्ये (कुठला कॉलम कुठल्या प्रकारचा ते सांगायची यादी) युजर आयडी इंटीजर करून टाकला. डबल इक्वल पण चाललं असतं, मला ते आवडत नाही एवढंच.

शनिवार-रविवार शांत गेले. सोमवारी १७ ला कोल्ड स्टोअरवरच्या ताईंचा फोन, डिस्पॅचचं बटण दिसत नाही. रोल आणि परवानग्यांसाठी मी स्पाटीचं लारावेल परमिशन पॅकेज वापरतो, आणि डिस्पॅचची परवानगी कोल्ड स्टोअरच्या रोलला मी आदल्या रात्री पीएचपी मायअ‍ॅडमिनमधून थेट टेबलात टाकलेली. ते पॅकेज परवानग्या चोवीस तास कॅशमध्ये ठेवतं. त्यांच्या फंक्शनमधून दिली तर कॅश आपोआप पुसलं जातं, टेबलात हात घातला तर त्याला कळणार कसं. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. उपाय म्हणजे परमिशन कॅश रिसेट ही आर्टिसनची कमांड, पण माझ्या प्लॅनमध्ये टर्मिनलच नव्हतं. तर जुगाड असा, सीपॅनलमध्ये क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवायची सोय) लावून ती कमांड पुढच्या मिनिटाला चालेल असं करा, चालली की क्रॉन काढून टाका. विसरू नका काढायला.

१९ ला शिवजयंती. बाहेर ढोल दणाणतायत आणि मी आत टेस्ट लिहितोय. प्रत्येक रूटला (सॉफ्टवेअरमधला एकेक पत्ता) दोन, एक ज्याला परवानगी आहे त्याची, एक ज्याला नाही त्याची. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण पहिली बिघडली तर फोन येतो, दुसरी बिघडली तर कुणीच फोन करत नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या आणि मग लक्षात आलं की फाइलच्या नावाचा घोळ यांनी पकडलाच नसता, कारण लॅपटॉप पण विंडोजच. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून उबंटूत प्रोजेक्ट हलवला. लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवरून चालवला तर स्मॉल-कॅपिटलचा फरक तिथे पण कळत नाही.

टेस्ट लिहायला रूट लिस्ट काढली, ६१ रूट, एकेक तपासत गेलो आणि ४४ व्या का ४५ व्याला पोटात गोळा आला. पावतीची पीडीएफ. तिथे परवानगी तपासलेलीच नव्हती. लॉगिन असलेला कुणीही पत्त्यातला नंबर बदलून कुठल्याही शेतकऱ्याची पावती उघडू शकत होता, दरासकट. दोन सीझन. ओवास्पच्या (वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था) मोठ्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल २०१७ ला पाचव्या नंबरवर होतं, २०२१ ला पहिल्यावर गेलं, हे मी कुठेतरी वाचून मान डोलावलेली होती. जे दार चुकून बंद झालं त्याच्यासाठी दहा दिवस बोंबाबोंब, आणि जे कधी लावलंच नव्हतं त्याची एक तक्रार नाही.

ते लगेच बंद केलं आणि गुरुवारी जाऊन नानांना समोर बसून सांगितलं. फोनवर सांगायची हिंमत नव्हती असं नाही, पण बरं वाटेना. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचा दर इथूनच गेला नसंल कशावरून?" सर्व्हरचे अ‍ॅक्सेस लॉग मी आधीच बघून गेलो होतो, मंगळवारी साडेसहाला दराचं पान उघडलेलं दिसत होतं, पावत्यांचे नंबर कुणी फिरवलेले दिसत नव्हते. पण ते लॉग फक्त ८ तारखेपासूनचे. जुन्या पीसीवरच्या दोन सीझनचं मी काहीच सांगू शकत नाही, आणि तसंच सांगितलं.

खर्चाचं म्हणाल तर होस्टिंग सोडून पिंपळगावच्या तीन फेऱ्यांचं पेट्रोल साडेचारशेच्या आसपास. बारा दिवसांचं बिल लावलं नाही, कुठल्या तोंडाने लावणार. दुसऱ्या एका क्लायंटचं काम आठवडाभर मागे पडलं ते वेगळं. लारावेल ९ आणि पीएचपी ८.० दोन्ही कधीच आउट ऑफ सपोर्ट झालेत हे पण माहितीये, पण ते एप्रिलची छाटणी सुरू झाल्यावर, माल संपल्यावर. आता नाही.

शुक्रवारी २१ ला शेवटचा बदल चढवला. गेट आफ्टरचा लॉग मात्र काढला नाही, फक्त नकार तेवढे लिहितो आता, रोजच्या दहा-पंधरा ओळी असतात. निघताना नाना म्हणाले, "मला पण एक सुपरवायझरचा आयडी दे, पोरांना काय दिसतं ते मला दिसू दे." दिला. रविवारी सकाळी त्यांचा फोन, अरे ते चारशे तीन परत आलं. मी लॉग उघडला, सुपरवायझरच्या आयडीने दराचं पान उघडायला गेले होते.

म्हटलं नाना, ते बरोबर आलंय.